फोल्कला वजनकाट्यावरून खाली उतरवा

खेळाडूच्या अंगकाठीवरून वाद पेटला की विल्यम फोल्कचा फोटो कुठून तरी हमखास बाहेर येतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा इंग्रजी फुटबॉल संघ, रांगेत उभे मिशाळ गडी, आणि त्यांच्यात इतरांच्या जवळपास दुप्पट रुंदीचा गोलकीपर. फोटोखाली हसण्याच्या खुणा. दोन्ही बाजूंचे लोक तो फोटो आपापल्या पुराव्यादाखल लावतात. एकांना त्यातून दाखवायचं असतं की जुना फुटबॉल म्हणजे निव्वळ गंमत होती, असला माणूस गोलमध्ये खपून जायचा. दुसऱ्यांना दाखवायचं असतं की बघा, एवढा जाडा माणूस जिंकला, म्हणजे फिटनेस वगैरे सगळं थोतांड आहे. मला या दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात आणि त्यात फोल्कवर होणारा अन्याय मनापासून खटकतो.

मार्च 2025 मध्ये चॅम्पियन्स ट्रॉफी चालू असताना एका राष्ट्रीय पक्षाच्या प्रवक्त्यांनी रोहित शर्माच्या जाडीवर शेरा मारला, तेव्हा हेच झालं. निम्मे लोक म्हणाले, खेळाडू आहे तर अंगाने सडसडीत नको का? उरलेले चिडले, आठवडाभर थांबले, दुबईच्या अंतिम सामन्यात रोहितने 76 धावा केल्या, करंडक आला, आणि मग त्यांनी विचारलं, आता बोला! वाद तिथेच मिटल्यासारखा झाला. पण रोहित त्या दिवशी सहा धावांवर बाद झाला असता तर तो शेरा योग्य ठरला असता का? धावफलकाच्या भरवशावर उभं केलेलं समर्थन पुढच्या अपयशाबरोबर कोसळणारच. माझं म्हणणं असं की खेळाडूचं शरीर कशाचाच पुरावा नसतं. विचारायचं ते इतकंच की त्या काळच्या नियमांनी त्या जागेवरच्या माणसाकडून काय मागितलं होतं आणि त्याने ते दिलं की नाही. हे तपासायला फोल्कइतकं चांगलं उदाहरण नाही, कारण त्याच्याइतकं हसू दुसऱ्या कुठल्या गोलकीपरच्या वाट्याला आलेलं नाही.

आधी त्याचं काम बघू. फोल्कचा जन्म 1874 चा, श्रॉपशरमधल्या डॉलीचा. तो वाढला डर्बीशरमध्ये, ब्लॅकवेलच्या कोळसा खाणीत कामाला लागला आणि खाणकामगारांच्या संघातून खेळला. 1894 मध्ये शेफिल्ड युनायटेड या क्लबने त्याला उचललं. पुढची अकरा वर्षं तो त्या क्लबच्या गोलमध्ये उभा राहिला, जवळपास तीनशे लीग सामने खेळला. या अकरा वर्षांत शेफिल्ड युनायटेडने काय केलं? 1896-97 मध्ये लीगमध्ये दुसरा क्रमांक. 1897-98 मध्ये अजिंक्यपद, 30 सामन्यांत 42 गुण, अंगावर फक्त 31 गोल. 1899-1900 मध्ये पुन्हा दुसरा क्रमांक. एफए कप या इंग्लंडच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेची अंतिम फेरी तीनदा: 1899 मध्ये डर्बी काउंटीला 4-1 असं हरवून कप, 1901 मध्ये टॉटनहॅमकडून हार, 1902 मध्ये साउदॅम्प्टनला हरवून पुन्हा कप. 1898 चं लीग अजिंक्यपद हे त्या क्लबचं आजतागायतचं एकमेव आहे. म्हणजे शेफिल्ड युनायटेडच्या इतिहासातला सोन्याचा काळ आणि फोल्कचा काळ एकच. अर्नेस्ट नीडमसारखा कर्णधार हाफबॅकला, म्हणजे मधल्या फळीत, होता, संघ चांगला होता, हे सगळं खरं. पण दहा चांगल्या माणसांमागे अकरा वर्षं विदूषक उभा करून कुणी लीग जिंकत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो वजनाचा, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. फोल्क सहा फुटांच्या वर चांगला उंच होता आणि कारकिर्दीच्या उत्तरार्धात त्याचं वजन प्रचंड वाढलं होतं. कुणी 20 स्टोन सांगतं, कुणी 22, कुणी 24. म्हणजे सव्वाशे किलोपासून दीडशे किलोपर्यंत. कारकिर्दीच्या शेवटी या वजनाने त्याचं नुकसानच केलं, आणि 1907 मध्ये, तेहेतिसाव्या वर्षी, तो थांबला. त्याच्यानंतरचा सॅम हार्डी लिव्हरपूल आणि ॲस्टन व्हिलाकडून पहिल्या महायुद्धानंतरही खेळत राहिला, इंग्लंडकडून 21 सामने खेळला. हे मान्य करायला हवं.

पण या आक्षेपात एक चलाखी दडलेली आहे. अखेरच्या दोन-तीन मोसमांतलं शरीर उचलून ते अख्ख्या कारकिर्दीला चिकटवलं जातं. 1894 मध्ये आलेला वीस वर्षांचा खाणकामगार पुढच्या फोल्कच्या मानाने बराच सडपातळ होता. ‘सगळ्या पाइज (सारण भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ) कुणी फस्त केल्या’ अशा अर्थाचं जे गाणं इंग्लंडच्या मैदानांवर आजही गुबगुबीत खेळाडूला चिडवायला गातात, ते 1894 मध्ये फोल्कसाठीच पहिल्यांदा म्हटलं गेलं, असं छातीठोकपणे सांगतात. त्या वर्षी त्याच्यात पाइजची चेष्टा करण्याजोगं काही नव्हतं, आणि ते ज्या चालीवर म्हणतात ती चाल लोकप्रिय झाली तेव्हा फोल्क हयातही नव्हता. तरी ही गोष्ट चालते, कारण ती फोटोशी जुळते. फोटो आधी, गोष्ट नंतर, आणि कारकीर्द सगळ्यात शेवटी, वाचलीच तर.

दुसरा आक्षेप जास्त हुशारीचा आहे. तो म्हणतो, तो यशस्वी झाला ते आकारामुळेच. गोल अडवायला कौशल्य लागलंच नाही, शरीराने झाकला. फुटबॉलचा गोल 8 यार्ड रुंद आणि 8 फूट उंच असतो, म्हणजे 24 फूट बाय 8 फूट. माणूस कितीही जाड झाला तरी यातला किती भाग झाकेल? दोन्ही हात पसरून उभा राहिला तरी दोन्ही बाजूंना मिळून तीनचतुर्थांश रुंदी मोकळीच. त्या मोकळ्या भागात येणाऱ्या चेंडूपर्यंत पोचायला हलावंच लागतं, आणि वजन जास्त असेल तर हलणं जास्त कठीण. म्हणजे ज्या आकारामुळे काम सोपं झालं असं म्हणतात, त्या आकारानिशी ते काम करायला जागेची जाण आणि अंदाज दुप्पट लागत होता. त्याची दूरवर जाणारी किक आणि मुठीने दूर भिरकावलेला चेंडू यांची त्याच्या काळी ख्याती होती; एवढ्या देहाच्या मानाने त्याची चपळाई बघून लोक चकित व्हायचे. इंग्लंडमधल्या ब्लॅकबर्नच्या मिचेल आणि केन्यन या जोडीने सप्टेंबर 1902 मध्ये शेफिल्डच्या ब्रॅमल लेन मैदानावरच्या शेफिल्ड युनायटेड आणि बेरी यांच्या सामन्याचं चित्रण केलं होतं. त्यांच्या फिल्मच्या निगेटिव्ह 1994 मध्ये ब्लॅकबर्नमधल्या एका जुन्या दुकानाच्या तळघरात धातूच्या पिंपांमध्ये सापडल्या, आणि त्यामुळे आज आपण फोल्कला हलताना बघू शकतो. फोटो लावणाऱ्यांनी एकदा ते चित्रण बघावं.

आता नियमांकडे वळू, कारण खरा मुद्दा इथे आहे. आजचा गोलकीपर कसा दिसतो हे डोळ्यांपुढे ठेवून आपण 1900 च्या गोलकीपरला हसतो. पण त्याला खेळायचा होता तो वेगळा खेळ. त्या काळी गोलकीपरला खांद्याने धडक मारणं कायदेशीर होतं. चेंडू हातात आला की समोरचा फॉरवर्ड धावत यायचा आणि चेंडूसकट त्याला गोलमध्ये ढकलायचा प्रयत्न करायचा, आणि तो गोल धरला जायचा. ही पद्धत किती काळ टिकली आणि किती महाग पडली? 1957 च्या एफए कप फायनलमध्ये मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर रे वुड याचं गालाचं हाड ॲस्टन व्हिलाच्या पीटर मॅकपारलंडच्या धडकेने मोडलं. पुढच्याच वर्षीच्या फायनलमध्ये बोल्टनच्या नॅट लॉफ्टहाउसने मँचेस्टर युनायटेडचा गोलकीपर हॅरी ग्रेग याला चेंडूसकट रेषेपार ढकललं आणि पंचांनी गोल दिला. त्याआधी 1936 मध्ये संडरलंडचा गोलकीपर जिमी थॉर्प सामन्यात लाथा बसल्यावर काही दिवसांत मरण पावला, आणि त्यानंतर गोलकीपरच्या हातातल्या चेंडूवर पाय चालवण्याला नियमाने आळा घातला. हे सगळं फोल्कच्या नंतरचं. मग त्याच्या काळात गोलच्या तोंडाशी काय चालत असेल? अशा खेळात ज्याला जागचा हलवता येत नाही असा गोलकीपर निवडणं हा क्लबचा शहाणपणा होता.

शिवाय 1912 पर्यंत गोलकीपरला आपल्या अर्ध्या मैदानात कुठेही चेंडू हाताळता यायचा, फक्त तो घेऊन दोनच पावलं टाकता यायची. वेल्सचा गोलकीपर ली रिचमंड रूझ या सवलतीचा इतका वापर करायचा, चेंडू आपटत आपटत मध्यरेषेपर्यंत धावायचा, की शेवटी हाताळणी पेनल्टी एरियापुरती बांधून टाकावी लागली. पेनल्टीच्या वेळी 1905 पर्यंत गोलकीपर गोलरेषा सोडून सहा यार्ड पुढे येऊ शकत होता. अंगावर चालून येणारा फोल्क सहा यार्डांवर बघून पेनल्टी मारणाऱ्याला काय वाटत असेल? नियमाने दिलेली जागा आणि निसर्गाने दिलेलं शरीर यांचा त्याने मेळ घातला. उंच बॉलरने उसळी मिळवली तर आपण त्याला उंचीची फुकट कमाई म्हणत नाही. मग इथेच का म्हणायचं?

उलट बाजूने विचारतात, तो आजच्या फुटबॉलमध्ये टिकला असता का? नसता. 1992 पासून सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरला हातात घेता येत नाही, त्याला बचावपटूसारखं पायाने खेळावं लागतं, पंचवीस-तीस यार्ड धावत बाहेर यावं लागतं. पण हाच न्याय उलटा लावून बघा. आजचा ऐंशी-पंच्याऐंशी किलोचा गोलकीपर 1899 च्या चिखलात, पाणी पिऊन जड झालेल्या चामडी चेंडूनिशी, बदली खेळाडूची सोय नसताना, धडका खात नव्वद मिनिटं टिकला असता? क्रिकेटमध्ये वॉरविक आर्मस्ट्राँग या अवाढव्य ऑस्ट्रेलियन कर्णधाराने 1920-21 मध्ये इंग्लंडला 5-0 असं धुतलं. त्याने आजची यो-यो टेस्ट, म्हणजे धावण्याची क्षमता मोजणारी चाचणी, दिली असती तर काय झालं असतं, या प्रश्नाला इतिहासात जागा नाही, कारण तो प्रश्न कुणी त्याला विचारलाच नव्हता.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो: एवढा मोठा होता तर इंग्लंडकडून एकच सामना का? होय, एकच. 29 मार्च 1897, घरचंच मैदान ब्रॅमल लेन, वेल्सविरुद्ध 4-0. अंगावर गोल नाही, आणि पुन्हा बोलावणं नाही. पण तेव्हाचं आंतरराष्ट्रीय वेळापत्रक आठवा. इंग्लंड वसंतात तीन सामने खेळायचं: स्कॉटलंड, वेल्स, आयर्लंड. गोलकीपरची जागा एक, आणि दावेदारांत जॅक रॉबिन्सन, जो इंग्लंडकडून 11 सामने खेळला. रॉबिन्सन उत्तम गोलकीपर होता. त्याच्यामागे राहणं हा काही नालायकीचा दाखला नाही. आणि गंमत पाहा, 1902 च्या कप फायनलमध्ये समोरच्या टोकाला, साउदॅम्प्टनच्या गोलमध्ये, हाच रॉबिन्सन उभा होता.

तो सामना जरा तपशिलात सांगायला हवा, कारण फोल्कची सगळ्यात कुप्रसिद्ध गोष्ट त्यातली आहे. 19 एप्रिल 1902, क्रिस्टल पॅलेस. आल्फ कॉमनच्या गोलने शेफिल्ड पुढे. शेवटची मिनिटं उरली असताना साउदॅम्प्टनच्या हॅरी वुडने बरोबरी साधली, आणि तो ऑफसाइड होता असं शेफिल्डचं म्हणणं. पंच टॉम कर्कहम यांनी गोल दिला. सामना संपल्यावर फोल्क कपडे उतरवलेल्या अवस्थेतच ड्रेसिंग रूममधून पंचांना शोधत बाहेर पडला, आणि कर्कहम झाडू ठेवायच्या खोलीत दडून बसले, असं सांगतात. गोष्ट सांगणारे इथे थांबतात. मी थांबणार नाही. पंचाच्या अंगावर धावून जाणं चूकच; आज असं कुणी केलं तर त्याच्यावर बंदी आलीच पाहिजे. पण आठवड्याने, 26 एप्रिलला, सामना पुन्हा झाला आणि शेफिल्डने 2-1 असा जिंकला. साउदॅम्प्टनकडून सी. बी. फ्राय खेळत होता, इंग्लंडच्या क्रीडाविश्वातलं मोठं नाव. दडपण वाढत गेलं तसे साउदॅम्प्टनचे हल्ले फोल्कने अडवले आणि कप शेफिल्डला गेला. नागव्या फोल्कची गोष्ट लाखोंना ठाऊक. आठवड्यानंतर त्याने केलेलं काम किती जणांना ठाऊक आहे?

दंतकथा कशी वाढते याचं आणखी एक उदाहरण तर त्याने स्वतः खोडून काढलं होतं. लिव्हरपूलच्या जॉर्ज ॲलनला फोल्कने उचलून डोक्यावर चिखलात उलटा रोवला, अशी 1898 च्या एका सामन्याची कथा आहे. फोल्कने पुढे सांगितलं ते असं: ॲलन आणि तो मैदानाबाहेर मित्रच होते, तो चेंडू अडवत असताना ॲलन सगळ्या ताकदीनिशी अंगावर आला, फोल्क स्वतःला सावरायला पुढे वाकला, ॲलन त्याच्या खांद्याला आपटून वरून पलीकडे जाऊन पडला, सगळ्यात वाईट म्हणजे पंचांनी पेनल्टी दिली आणि शेफिल्ड सामना हरलं. हे वाचताना एक व्यावसायिक खेळाडू बोलतोय असं वाटतं. सामना गेल्याचं दुःख, मित्राबद्दल आपुलकी, आणि धडक कशी बसली याचं नेमकं वर्णन. राक्षस कुठेच नाही. तो फॉरवर्डना उचलून गोलमध्ये टाकायचा असेही किस्से आहेत आणि तो तापट होता यात मला शंका नाही. पण धडक मारणारा फॉरवर्ड आणि धडक परतवणारा गोलकीपर यांत एकालाच रानटी ठरवायचं ते का?

काही जण म्हणतात, त्याने स्वतःच हा तमाशा चालवून घेतला, क्लबांनीही त्याचा फायदा उठवला, मग आपण कशाला हळहळायचं? इथे पैशाचा हिशेब बघावा लागेल. मार्च 1905 मध्ये चेल्सी क्लब जन्माला आला. नव्या क्लबला प्रेक्षक हवे होते. त्यांनी 50 पौंडांत फोल्कला घेतलं आणि पहिला कर्णधार केलं. त्याचा आकार आणखी उठून दिसावा म्हणून गोलच्या मागे दोन लहान पोरं उभी करायचे, आणि बॉलबॉयची प्रथा त्यातून आली, असं म्हणतात. त्याच मोसमात मँचेस्टर युनायटेडविरुद्ध चेल्सीच्या मैदानावर 67,000 लोक आले. फोल्कला यातून काय मिळणार? 1901 पासून इंग्लंडमध्ये खेळाडूच्या पगारावर कमाल मर्यादा होती, आठवड्याला 4 पौंड. गर्दी कितीही जमो, त्या मर्यादेपलीकडे वाटा नाही. आणि तुलनाच करायची तर त्याच वर्षी, फेब्रुवारी 1905 मध्ये, त्याचा जुना सहकारी आल्फ कॉमन मिडल्सब्रोला 1,000 पौंडांना गेला होता. गोल करणाऱ्याला हजार, गोल अडवणाऱ्याला पन्नास, आणि वर त्याच्या पोटाची जाहिरात. चेल्सीने त्या मोसमात दुसऱ्या डिव्हिजनमध्ये तिसरा क्रमांक मिळवला. मग फोल्क पुन्हा 50 पौंडांत ब्रॅडफर्ड सिटीला गेला. चेष्टा सहन करणं हा त्याच्या नोकरीचा भाग झाला होता, आणि नोकरी टिकवणाऱ्या माणसाने सहन केलं म्हणून ती त्याला आवडत होती असा निष्कर्ष काढता येत नाही.

मृत्यूच्या बाबतीतही तेच. ब्लॅकपूलच्या वाळूवर, पेनीला एक शॉट अशा बोलीवर पेनल्टी अडवत असताना थंडी बाधून तो न्यूमोनियाने मेला, हे इतकी वर्षं छापलं गेलं. तो गेला 1 मे 1916 रोजी शेफिल्डमध्ये, 42 व्या वर्षी, आणि मृत्यूच्या दाखल्यावर नोंद आहे ती यकृताच्या विकाराची. शेवटच्या काळात शेफिल्डमध्ये दुकान आणि बिअरहाउस चालवणारा हा माणूस भिकेला लागलेला विदूषक म्हणून मेला, असा शेवट लोकांना हवा होता, कारण सुरुवातीला त्यांनी त्याला विदूषकच ठरवलं होतं. या माणसाने 1900 मध्ये डर्बीशरकडून प्रथम श्रेणीचे चार क्रिकेट सामनेही खेळले होते. काउंटी क्रिकेट आणि लीग फुटबॉल दोन्ही खेळलेल्या माणसाला अनफिट म्हणण्याआधी दोनदा विचार करायला हवा.

आता आपल्याकडचं. यो-यो टेस्ट 2017 मध्ये भारतीय संघात आली, 16.1 हा गुण ठरला, आणि 2018 मध्ये अंबाती रायुडू त्यात अडकून इंग्लंड दौऱ्याबाहेर गेला. मी या चाचणीच्या विरोधात नाही. पन्नास षटकं क्षेत्ररक्षण करणाऱ्याकडून धावण्याची क्षमता मागणं हा खेळाचाच भाग आहे, निकष आधी जाहीर आहे, सगळ्यांना सारखा आहे, आणि तो पोटाकडे बघत नाही. माझी तक्रार आहे ती चाचणीच्या मागून चालणाऱ्या कुजबुजीबद्दल. मुंबईचा सरफराज खान रणजीत धावांचे ढीग घालत होता तेव्हा हीच कुजबुज चालू होती. जानेवारी 2023 मध्ये सुनील गावसकर वैतागून म्हणाले होते की सडपातळ मुलंच हवी असतील तर फॅशन शोमध्ये जाऊन मॉडेल निवडा. वर्षभराने राजकोटला पदार्पणात सरफराजने 62 आणि नाबाद 68 केल्या, त्याच वर्षी बंगळूरला न्यूझीलंडविरुद्ध 150. तरीही मी असं म्हणणार नाही की या धावांनी वाद संपला. रोहितच्या 76 धावांनीही तो संपला नव्हता. सरफराजला बाहेर ठेवायचं असेल तर निवड समितीने कारण सांगावं: उसळत्या चेंडूपुढे अडचण आहे, परदेशी खेळपट्ट्यांवर भरवसा वाटत नाही, मधल्या फळीत जागा नाही, जे असेल ते. त्यावर आकडे घेऊन भांडता येईल.